ग्रस्तोदित

पंचांगात शब्द होता : ग्रस्तोदित.
म्हणजे गिळलेलाच उगवणार.
सहा एकोणतीस, बारीक अक्षरात.
आम्ही सव्वासहालाच टेंबलाईवर,
गाडी खाली लावून,
सुटल्यावर खायची म्हणून भडंगाची पुडी खिशात.

देवळाचं दार वेधामुळं लावलेलं.
आत ती, रुसून शहराकडं पाठ केलेली,
तोंड पूर्वेला.
म्हणजे आज सगळ्यात चांगली जागा तिची
आणि तिच्याच पुढं कडी.

मागं रंकाळ्याच्या अंगाला सूर्य टेकला.
पुढं शिरोलीची धुराडी, पेटवलेल्या पाचटाचा धूर,
हायवेवर एकेक करून लागणारे दिवे,
आणि क्षितिजावर निळसर करडा पट्टा
हळूहळू वर चढणारा,
झोपलेल्यानं घोंगडं ओढून घ्यावं तसा.
तिपाईवर दुर्बीण लावलेला कॉलेजचा पोरगा म्हणाला,
ही पृथ्वीची सावली.
रोज येते.

मी बेचाळीस वर्षांचा आहे.
रोज येते.

सहा एकोणतीस झाले. छत्तीस झाले.
जिथून तांबडा गोळा यायचा तिथं नुसता मातकट अंधार.
एका बाईनं मोबाईल वर धरला, खाली केला.
ढगात असंल. वेळ चुकलीय छापायची.
चला, टीव्हीवर तरी दिसंल.
दोन मोटरसायकली उतरून गेल्यासुद्धा.

बाबालाल शिकलगार कठड्यावर बसून होता.
उद्यमनगरात एकतीस वर्षं भट्टीपुढं;
मी त्याच फौंड्रीत वजनकाट्यावर.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
समोरच्या गाडीचा दिवा त्याला
फुटलेल्या काचेसारखा दिसतो,
म्हणून रात्री रस्ता ओलांडताना तो माझा खांदा धरतो.
ह्याला ग्रहण बघायला कशाला आणलं,
माझं मलाच ओशाळल्यासारखं झालेलं.

"कुठं बघतुयास?" तो म्हणाला.
"कवाच आलाय त्यो.
त्या उंच धुराड्याच्या डाव्या अंगाला. दोन हात वर."

पाहिलं. काही नव्हतं.
त्याच्या बोटामागून डोळा नेला.
काही नव्हतं,
आणि मग नव्हतं तिथंच होता,
पुरा गोल, कुणाची वाट न बघता चढलेला.
आम्ही सगळे उंबऱ्यावर नजर लावून बसलो होतो
आणि पाहुणा कधीचा सोप्यात.

तांबं म्हणावं तर तांबं नाही, विटकरीही नाही.
वाळूतून उकरून काढलेल्या कास्टिंगचा
तो शेवटचा रंग,
जो शेडमध्ये ट्यूब लावली की दिसत नाही.

कामावरच्या पहिल्या आठवड्यात त्यानंच सांगितलेलं :
लालभडक हाय त्याला कोण हात लावत न्हाई.
काळं पडल्यागत दिसतंय न्हवं, त्येनं भाजतंय.
आणि तळहात उघडून दाखवलेला डाग,
चार आण्याएवढा.

बातमी कठड्याभर पसरली.
बोटं वर झाली, लेकरं खांद्यावर गेली,
दुर्बीण वळली.
पोरगा येऊन म्हणाला, काका, तुम्हाला कसा काय दिसला?
"तेवढंच दिसतंय आता," बाबालाल म्हणाला.
"इझत आलेलं."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली उचगावच्या बाजूनं रेल्वे गेली.
कुत्री भुंकली, थांबली.

मग सातनंतर कधीतरी
खालच्या कडेला उजेडाचा एक कण,
आणि टेकडीवर एकच ओरडा.
शिट्ट्या, टाळ्या.
दिसला, दिसला!
पावणेसातला निघून गेलेल्यांनाही
आता खालच्या रस्त्यावरून दिसत असणार.

बाबालालनं मान खाली घातली.
भट्टीचं दार उघडताना धरायचा
तसा हात डोळ्यांवर आडवा धरला.
"चल," म्हणाला. "फुटला त्यो आता."

पायऱ्यांवर त्यानं माझा खांदा घेतला.
अकरा पायऱ्या गप्प उतरलो.
"सुटला का रं?"
मी मागं वळून पाहिलं.
"पाव एक सुटलाय."
"मग पाव भडंग काढ."